चित्रातला डावा हात

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे आणि सध्या भयंकर चिडलेलो आहे. आरशाने चिडू नये, समोर येईल ते निमूटपणे दाखवावं, अशीच आम्हाला सवय असते. पण काही गोष्टी ऐकून काचेलासुद्धा गप्प बसवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सपाट काचेच्या पाठीवर चांदीचा पातळ थर चढवला, त्यावर रंगाचा हात दिला आणि मी माणसाएवढ्या उंचीचा आरसा झालो. पहिली नोकरी लागली ती कपड्यांच्या दुकानात, कपडे घालून बघायच्या खोलीत. तिथे लोक पोट आत ओढून माझ्यासमोर उभे राहायचे आणि बाहेर पडताच सोडून द्यायचे. मी कधी कुणाचं कुणाला सांगितलं नाही. पुढे एकदा शिडी आपटून माझा खालचा कोपरा उडाला. मग काय, माझी रवानगी भंगारात.

तिथे मला ताईने पाहिलं. ती चित्रकलेच्या कॉलेजात शिकत होती. तिच्या सरांच्या चित्रशाळेत सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही म्हणतो.

"कोपरा फुटलाय हो, चेहरा धड दिसायचा नाही," भंगारवाला प्रामाणिकपणे म्हणाला.

"मला चेहरा नाही बघायचा, चुका बघायच्यात."

"मग घरच्यांना विचारा की! त्यासाठी आरसा कशाला?"

ताई एवढी हसली की तेव्हाच मला ती आवडली.

तिने मला सरांच्या चित्रशाळेत आणलं. तिथे तिचं काम असं चाले. ती मला पाठीमागच्या भिंतीला टेकवून ठेवी आणि माझ्याकडे पाठ करून चित्र काढी. मध्येच गर्रकन वळून ती चित्र माझ्यात बघे. उलटं दिसलं की चूक लगेच डोळ्यात भरते. एक डोळा वर चढलेला, खांदा उतरलेला, हनुवटी सरकलेली. ती "शी!" म्हणायची, पुसायची आणि पुन्हा काढायची. माझ्यासारखा फुटक्या कोपऱ्याचा आरसा कुणाच्या इतक्या उपयोगी पडेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ती माणसं काढायची. आपल्यासारखीच माणसं. ड्युटी संपवून बाकावर पेंगणारी नर्स, फोन चार्जिंगला लावून तिथेच उकिडवा बसलेला मुलगा, दाराशी चप्पल शोधणारे तिचे बाबा. सर चष्मा कपाळावर सरकवून बघायचे. "मुली, हा गृहस्थ आत्ता खोकणार असं वाटतंय," असं ते एकदा म्हणाले. सरांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही.

बाहेरची तऱ्हा मात्र वेगळीच होती. चित्रांची गॅलरी चालवणाऱ्या एक बाई चित्रशाळेत आल्या आणि चित्रं पाहून म्हणाल्या, "काम छान आहे हो, पण यात माणसं फार दिसतात. आता असं कुणी करत नाही." चित्रात माणसं दिसतात, ही तक्रार! मी मान हलवू शकत नाही म्हणून, नाहीतर तिथेच हलवली असती. ताईने चित्रं पुन्हा जुन्या चादरीत गुंडाळली आणि लगेच नवीन माणूस काढायला घेतला.

मग ताईचं लग्न झालं आणि तिला मुलगी झाली. गुबगुबीत म्हणून सगळे तिला ठमी म्हणत. ठमी आईच्या खांद्यावरून खाली उतरायला तयार नसे. सर त्या सुमारास आजारी पडून दवाखान्यात होते आणि चित्रशाळेची किल्ली ताईकडे होती. समोर बसायला माणूस बोलवावा तर ठमी परक्याला पाहून आकांत करी. शेवटी ताईने मला पाठीमागून काढून समोर उभं केलं. डाव्या खांद्यावर ठमीला घेतलं, उजव्या हातात ब्रश धरला आणि माझ्यात बघून ती स्वतःलाच काढू लागली.

मित्रांनो, ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात काळजीचे. रंग पातळ करायच्या तेलाची बाटली वरच्या फळीवर गेली. माझ्या फुटक्या कोपऱ्याला जाडजूड चिकटपट्टी लागली. ठमीचा हात पुढे आला की माझा जीव टांगणीला लागे. ताईची एक नजर चित्रावर, एक माझ्यावर, एक लेकीच्या मुठीत काय आहे त्यावर. अशा तीन नजरा तिने कुठून आणल्या, देव जाणे!

चित्र होत आलं. फक्त ठमीचं एक पाऊल राहिलं होतं. ते रंगवायला घेतलं आणि ठमी रडत उठली. अंग चटका बसेल इतकं तापलेलं होतं. ताई सगळं तसंच टाकून तिला घेऊन धावली. चित्र पुरं झाल्याशिवाय सही करायची नाही हा तिचा नेम, म्हणून सही राहिली.

तापातून ठमी उठली, पण दुखणी एकामागून एक लागूनच राहिली. ताईला यायला जमेना. तेवढ्यात सर गेले. सरांच्या चिरंजीवांनी चित्रशाळा आवरली. ज्या चित्रांवर सही नव्हती ती सगळी सरांची म्हणून त्यांनी गाडीत भरली. आमचंही चित्र गेलं. मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि ताईला फोन केला, "तुमचा आरसा अडगळ करतोय, घेऊन जा." चित्राबद्दल तिने तेव्हाच विचारलं. "सगळं पॅक झालंय, नंतर बघू," असं उत्तर मिळालं.

मी ताईच्या घरी आलो. एके दिवशी तिची आई पेपर फडकावत आत आली.

"अगं, हे तुझं चित्र ना? खाली सरांचं नाव कसं?"

गॅलरीत सरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं, आणि आमच्या चित्राखाली "सरांची अखेरची कलाकृती," असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं. कुणा जाणकाराने ठमीच्या राहिलेल्या पावलावर अख्खा परिच्छेद खर्ची घातला होता. जीवनाची अपूर्णता म्हणे!

"कसली अपूर्णता? कार्टी रडत उठली होती!" ताईची आई कडाडली.

ताईचा नवरा समजुतीने म्हणाला, "जाऊ दे ना. सर गेले बिचारे. लोकांना वाटेल, मेलेल्या माणसाशी भांडतेय."

"सरांशी कुठे भांडतेय? सरांनी हे चित्र पाहिलंसुद्धा नाही!"

तिने चिरंजीवांना फोन लावला. ते गोड आवाजात म्हणाले, "ताई, सही आहे का तुमची? आणि खरं सांगा, तान्ह्या बाळाला सांभाळून एवढं मोठं काम होतं का कुणाकडून?"

हे ऐकून मला वाटलं, आता माझी काच तडकन फुटणार. तीन नजरा वापरून केलेलं काम, आणि म्हणे होतं का!

ताईने फोन ठेवला. मला ठमीच्या दुलईत गुंडाळलं, टेम्पोत घातलं आणि सगळ्यांना घेऊन ती गॅलरीत पोचली. आत गर्दी होती, चिरंजीवही होते. तिने मला चित्राशेजारी उभं केलं, ठमीला डाव्या खांद्यावर घेतलं, उजव्या हातात ब्रश धरला.

"सगळ्यांनी जरा इकडे बघा. मी उजव्या हाताने काम करते. चित्रातल्या बाईच्या कुठल्या हातात ब्रश आहे?"

"डाव्या," कुणीतरी म्हणालं.

"माझा तीळ उजव्या गालावर. चित्रात?"

"डाव्या."

"आता आरशात बघा."

सगळ्यांनी माझ्यात पाहिलं. मी आयुष्यात इतकं नीट, इतकं मन लावून कधी काही दाखवलं नव्हतं. ब्रश डाव्या हातात, तीळ डाव्या गालावर, बाळ उजव्या खांद्यावर. शेजारच्या चित्रात अगदी तस्संच. सरांनी समोर बसून काढलं असतं तर ब्रश उजव्या हातात आला नसता का?

चिरंजीव घाम पुसत म्हणाले, "सरांनीही आरशात बघूनच काढलं असेल."

"सरांनी आरशात बघितलं असतं, तर आरशात सर दिसले असते!"

गॅलरीभर हशा पिकला. हसू ओसरल्यावर चिरंजीव खालच्या आवाजात म्हणाले, "बरं, पाटीवर 'सरांच्या मार्गदर्शनाखाली' असं घालू या. दोघांचाही मान राहील."

ताईने ठमीला आजीकडे दिलं आणि पिशवीतून रंगाची ट्यूब काढली. पहारेकरी लगबगीने पुढे आला.

"मॅडम, चित्राला हात लावायचा नाही."

"माझं आहे."

तो चित्राकडे बघून मग माझ्याकडे वळला, आणि दोन पावलं मागे सरकला. ताईने ठमीचं पाऊल तसंच राहू दिलं आणि त्याच्या खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. मला ते नाव उलटं दिसलं, तरी मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

पाटी बदलली. पण माफी अजून कुणी मागितलेली नाही, आणि म्हणूनच माझा राग गेलेला नाही. तो जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

मित्रांनो, आम्हा आरशांवर ओला फडका मारू नका, पाठीची चांदी काळी पडते, एवढी काळजी घ्यालच. पण त्याहून मोठी विनंती आहे. एखादं चित्र आवडलं, तर "छान आहे" म्हणून पुढे जाऊ नका. कोणी काढलं ते विचारा. आणि उत्तर फारच पटकन मिळालं, तर पुन्हा एकदा विचारा.