नाव न घेता

“नुसतं ‘सोड’ किंवा ‘माझा’ असं कोणी ओरडलं, स्वतःचं नाव घेतलं नाही, की शिट्टी वाजवायची, ग्वेन. तिथे विचार करत बसायचं नाही.”

आर्नल्ड थ्रेलफॉल जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचा तो खरखरीत आवाज ग्वेन हॅस्लमच्या कानात अजून तसाच होता. चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये बाकांवर बसवून त्यांनी तिला फुटबॉलची रेफ्री केलं. त्यांनी जे जे सांगितलं ते ते तिने नेमाने पाळलं. बूट आदल्या दिवशीच पुसून ठेवायचे. खेळाडू कितीही तापला तरी आपला आवाज चढवायचा नाही. आणि नाव न घेता ओरडणाऱ्याला सूट द्यायची नाही.

त्या शनिवारी हॉल्डन ब्रिजच्या मैदानावर काउंटी कपचा उपांत्य सामना होता. मैदानाला असा उतार, की वरच्या बाजूला चेंडू ठेवला तर तो आपसूक खालच्या गोलकडे निघायचा. एक-एक अशी बरोबरी होती आणि खेळ संपत आला होता. पाहुण्यांनी उंच मारलेला चेंडू यजमानांच्या गोलसमोर आला. गोलकीपर पुढे धावला, तेवढ्यात त्यांचा जुना बचावपटू क्रेग डकवर्थ ओरडला, “सोड!” आणि त्याने डोक्याने चेंडू बाहेर काढला. पाहुण्यांचा सर्वांत जवळचा गडीही चांगला लांब होता. कोणी कोणाला धक्का दिला नाही, कोणी पडलं नाही.

ग्वेनने शिट्टी फुंकली.

आणि नवल म्हणजे कोणी भांडलंच नाही. एरवी इथे साध्या थ्रो-इनवरून तिच्या चष्म्याचा नंबर निघायचा. आज मात्र सगळे क्रेगवरच उसळले.

“अरे नाव घे ना, गाढवा!”

“शाळेतल्या पोरांनाही कळतं रे!”

चहाच्या टपरीतून एल्सीबाईसुद्धा हातातला डाव हलवत ओरडल्या, “क्रेग, बाळा, नाव घ्यायचं असतं!”

गोलसमोरच मिळालेली फ्री किक पाहुण्यांच्या एकाने हळूच बाजूला सरकवली, दुसऱ्याने मारली. गोल. हॉल्डन ब्रिज कपमधून बाहेर.

इथे बाई रेफ्री आली, की तिला कपडे बदलायला अवजारांची खोली मिळायची. गवत कापायचं यंत्र आणि चुन्याच्या गोण्या यांच्यामध्ये ग्वेन बुटांची नाडी सोडत बसली होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली. काउंटीच्या फुटबॉल संघटनेने रेफ्रींचं काम बघायला पाठवलेले पिलिंगसाहेब आत आले आणि एका गोणीवर टेकले.

“छान घेतलात सामना. पळणं छान, बोलणं छान. फक्त ती शेवटची फ्री किक कशासाठी दिलीत?”

“त्याने नाव नाही घेतलं.”

“मग?”

“मग काय? तो गुन्हाच आहे ना, साहेब. सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळ्यांना माहीत आहे, नियमात मात्र नाही.” पिलिंगसाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. “प्रतिस्पर्ध्याला फसवायला कोणी ओरडलं, तर गुन्हा. तो स्वतःच्या गोलकीपरला सांगत होता. आणि गुन्हा होता म्हणता, तर त्याला द्यावंच लागणारं पिवळं कार्ड कुठे गेलं?”

ग्वेनच्या हातात नाडी तशीच राहिली. आर्नल्डनी कार्डाचं कधी सांगितलंच नव्हतं. तिनेही कधी विचारलं नव्हतं.

“निकाल आता बदलायचा नाही,” पिलिंगसाहेब उठत म्हणाले. “तुमचे थोडे गुण कापावे लागतील मला. पण बाहेर कोणाची तक्रार नाही, उलट तुमचं कौतुकच चाललंय. तेव्हा हे आपल्या दोघांत राहू द्या.”

ते गेले. भिंतीपलीकडून मॅनेजर नेव्ह एन्टविसलचा आवाज येत होता. “मंगळवारी सरावाला आला नाहीस तरी चालेल, क्रेग. मंगळवारी काय, यापुढे कधीच. तुझ्या एका तोंडामुळे फायनल गेली!”

ग्वेन बाहेर आली तर क्रेग पायरीवर बसून बुटांचा चिखल काठीने खरवडत होता. दाढीत पांढरे केस दिसू लागले होते. छतांची कौलं बसवणारा माणूस. सबंध उमेदीतले शनिवार त्याने याच उतारावर घालवले होते.

“तुमचं बरोबर होतं, रेफबाई,” तो वर न बघता म्हणाला. “माती मीच खाल्ली. बूट खुंटीला टांगायची वेळ झाली म्हणायची.”

तिथेच निघून जाता आलं असतं. ग्वेन थांबली.

“माती तुम्ही नाही खाल्लीत. मी खाल्ली. असा नियमच नाहीये.”

“कशाला उगाच समजूत घालता, बाई?”

“समजूत नाही, खरं सांगते. आत्ताच कळलं मला.”

क्रेग कसंनुसं हसला. “मला एकट्याला सांगून काय होणार? नेव्ह म्हणेल, बाईला दया आली. त्याला सांगा, पोरांना सांगा. मंगळवारी सात वाजता सगळे असतात.”

“येते,” ग्वेन म्हणाली. “मंगळवारी येते.”

बोलून गेली खरी, पण दोन दिवस घास गोड लागेना. नवरा रॉयने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “खुलासे द्यायला क्लबात जाणारी रेफ्री पाहिलीय कोणी? उद्या प्रत्येक शिट्टीला ओरडतील, ‘बाई, आधी पुस्तक बघा!’”

“ओरडू देत.”

“आणि आर्नल्डचं नाव मध्ये येईल त्याचं काय?”

रविवारी चॅपलमध्ये डोळे मिटून बसली, तेव्हाही तेच मनात घोळत होतं. त्यांनी शिकवलेल्या शंभर गोष्टी बरोबर होत्या, आणि ही एक तिने त्याच श्रद्धेने आंधळेपणी सांभाळली. नियमांचं पुस्तक तर तिच्याच कपाटात होतं. उघडून बघायला त्यांनी काही हात धरला नव्हता. त्यांचं नाव घ्यायची गरजच नाही, तिला वाटलं. शिट्टी तर मीच वाजवली. तेव्हा कुठे मन जरा शांत झालं.

मंगळवारी संध्याकाळी तिने सिंकमधल्या बशा विसळल्या, हात पुसले आणि खुंटीवरचा साधा तपकिरी कोट घातला. रॉयने पेपरमधून डोकं काढलं.

“गाडी काढू का?”

“नको. चालत जाते. काय बोलायचं ते जुळवत जाईन.”

“पाऊस आहे बाहेर.”

“बारीक आहे,” ती म्हणाली. तिने डोक्याला रुमाल बांधला, दार अलगद ओढून घेतलं आणि ती मैदानाकडच्या चढणीला लागली.