पाइपातलं तेल आणि मापसाहेब

ते वजनमापं तपासायच्या खात्यात निरीक्षक होते. तराजूत दाण्याएवढी खोट असली तरी त्यांना दुरून कळायची. लोक त्यांना तोंडावर 'मापसाहेब' म्हणत आणि त्यांना तो मान वाटे.

त्यांना एक बायको होती आणि एक टर्बोवाली गाडी. गाडीवर त्यांचा जीव जास्त आहे, असं बायको म्हणायची. ते साफ नाकारायचे, पण गाडी पुसता पुसता.

बायकोच्या धाकट्या बहिणीचं मागच्याच रस्त्यावर गॅरेज होतं. ती गॅरेज काढते आहे हे कळल्यावर साहेब म्हणाले होते, "पाना हातात धरला म्हणून कोणी मेकॅनिक होत नाही." त्यामुळे तिच्याकडे गाडी नेण्याचा प्रश्नच नव्हता. विचारलं तर सांगत, "घरच्या माणसाकडे काम दिलं की नातं बिघडतं."

एका रविवारी सकाळी ते एअर फिल्टर साफ करायला बसले. फिल्टर निघाला, तो परत लागलाही. तिथेच थांबायला हवं होतं. पण साहेबांनी आदल्याच आठवड्यात इंजिनावरचे चार व्हिडिओ पाहिले होते. त्यांनी टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या जाड पाइपाची पट्टी सैल केली, आत बोट घातलं आणि ते काळं, ओशट होऊन बाहेर आलं.

"अगं, बाहेर ये! टर्बो गेला!"

बायको ओल्या हातांनी बाहेर आली. "कुठे गेला?"

"हे बघ! हवेच्या पाइपात तेल!"

"अहो, धाकटीला विचारा ना. दोन मिनिटांचं काम."

"तिला? ही टर्बोची गाडी आहे, सायकल नाही."

ते बोट तसंच वर धरून साहेब शहरातल्या काचेच्या भिंतींच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथे गळ्यात टाय बांधलेला एक सल्लागार होता. त्याने बॉनेट उघडलं नाही. बोटाकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "टर्बोचं तेल अडवणारं सील गेलंय, सर. नवा टाकावा लागेल."

"मी तेच म्हणत होतो!" साहेब म्हणाले. आपलं निदान बरोबर निघाल्याचा आनंद एवढा, की जणू बक्षीसच मिळालं.

नवा टर्बो बसला, नवं तेल अगदी खुणेपर्यंत भरलं गेलं. आता गाडीला कडक शिस्त लावायची, असं साहेबांनी ठरवलं. ऑफिसातून आले की फाटकासमोरच्या चढावर गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचं आणि लगेच तेल बघायची काठी उपसायची. काठीवर तेल जेमतेम टोकाला दिसे.

"पितंय बघ कसं," ते म्हणत आणि डब्यातून तेल ओतत. दोन दिवसांनी पुन्हा काठी, पुन्हा डबा.

तीन आठवड्यांत गाडी निळा धूर ओकू लागली. साहेबांची गाडी निघाली की शेजारीण खिडक्या लावून घेई. साहेबांनी पुन्हा पाइप उघडला. या वेळी बोट घालायची गरजच पडली नाही. तेल आपणहून त्यांच्या चपलेवर आलं.

वर्कशॉपच्या सल्लागाराने फोनवर सांगितलं, "कधीकधी दुसराही खराब निघतो, सर."

साहेब तिसऱ्या टर्बोच्या तयारीला लागले तेव्हा बायकोने खुंटीवरची किल्ली घेतली आणि ती गाडीत जाऊन बसली. गाडी कुठे निघाली आहे हे साहेबांना कळलं. लक्ष ठेवायला म्हणून तेही शेजारी बसले.

धाकटी गॅरेजच्या दारात उभी होती. तिने धुराकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि हसू आवरलं. गाडी सपाट जागी घ्यायला लावली, बंद करवली आणि चक्क दहा मिनिटं चहा पीत बसली. साहेबांची चुळबूळ सुरू झाली.

"अगं, काही बघणार आहेस की नाही?"

"बघतेय की, भावजी. तेल खाली उतरायची वाट बघतेय."

मग तिने पाइप काढला आणि टर्बोचा पंखा बोटाने हलवून, फिरवून पाहिला. "हा ठणठणीत आहे." मग काठी पुसून घातली आणि काढली. तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर होतं.

"भावजी, तुम्ही काठी कधी बघता?"

"गाडी बंद केल्या केल्या. रोज. चुकवत नाही."

"आणि उभी कुठे करता?"

"चढावर," बायको म्हणाली.

"बंद केल्या केल्या तेल सगळं वर इंजिनाच्या अंगाला चिकटलेलं असतं. त्यात चढ. काठी कमीच दाखवणार. तुम्ही ओतत गेलात. इंजिनाच्या पोटात मावेना, मग ते आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून हवेच्या पाइपात आलं."

"पण पहिल्यांदाही तेल होतंच की!"

"बोटाला लागण्याइतकं ना? तेवढा ओशटपणा टर्बोच्या गाडीत असतोच." तिने इंटरकूलर सोडवून तिरका केला. वाडगाभर तेल निघालं. "हे मात्र तुमचं. जुना टर्बो कुठे आहे?"

"वर्कशॉपवाल्यांनी ठेवून घेतला."

"मग आत्ता कुणाच्या तरी गाडीत मजेत फिरत असेल."

साहेबांचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. त्यांनी खिशातून कागद काढला. "मी तक्रार करणार. त्यांनी बॉनेटसुद्धा न उघडता टर्बो गेला म्हणून सांगितलं! तू तज्ज्ञ म्हणून सही कर."

"करते ना. लिहा, बॉनेट न उघडता टर्बो बदलायला लावला, ही त्यांची लबाडी. खाली लिहा, न थांबता काठी बघून डबेच्या डबे तेल ओतलं, ही गाडीमालकाची हुशारी. दोन्ही लिहा, लगेच सही करते."

साहेबांनी कागदाची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

धाकटीने जास्तीचं तेल काढलं, पाइप आणि इंटरकूलर धुऊन बसवले. परत निघताना स्टिअरिंगवर बायकोच होती. थोडा वेळ धूर निघाला, मग थांबला. गाडी चढावर सहज चढली.

"जरा हळू घे. दुसऱ्या गिअरला तिचं इंजिन..."

"अहो," बायको समोर बघत म्हणाली, "पाच मिनिटं गप्प बसा. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा या गाडीचा आवाज ऐकू येतोय."