एकदाच ओढा, याबा

काचेतून अख्खा रस्ता आत बघत होता आणि अबू खलफ दुकानाच्या मधोमध, मांडून ठेवलेल्या कमोडवर, कोटाची बटणं लावून बसले होते. हातात चहाचा पेला.

"याबा, उठा," त्यांची लेक इन्शिराह दात आवळून म्हणाली.

"का उठू? जोडा पायात घालून बघतात ना? मग हे काय न बसता घ्यायचं?"

नळांच्या फळीपाशी उभ्या असलेल्या दोन बायका पाठमोऱ्या झाल्या. त्यांचे खांदे हलत होते.

दुकानदार शिहादेला मात्र गिऱ्हाइकं अशीच आवडत. त्याने शेजारच्या बुटक्या कमोडमध्ये मूठभर भिजवलेले चणे टाकले आणि त्यावरची दोन बटणं दाखवली. लहान कामाला लहान, मोठ्या कामाला मोठं. लहान दाबलं. चणे गेले. पाणी किती गेलं ते कळलंसुद्धा नाही. इन्शिराहला तिथल्या तिथे तो कमोड उचलून घरी न्यावासा वाटला.

अबू खलफ त्यावरही बसून पाहायला गेले. गुडघे छातीशी आले. शिहादेने काखेत हात घालून त्यांना उठवलं आणि म्हणाला, "खाली ओटा बांधून देतो, अम्मो. उंच होईल."

"म्हणजे न्यायाधीशासारखा वर बसू? आणि निकाल कुणाचा देऊ?"

त्यांना पहिलाच हवा होता. उंच, रुंद, पाठीमागे भलीमोठी टाकी असलेला. घरातल्या जुन्याइतकंच पाणी पिणारा. इन्शिराहने समजावलं, शिहादेने समजावलं. ते हलेनात. मग तिचा तोल गेला.

"तुम्ही एकदा फ्लश ओढता ना, त्यात माझी दिवसाची भांडी निघतील. आणि तुम्ही दर तासाला ओढता."

बायकांचे खांदे थांबले.

अबू खलफनी पेला शेजारच्या बेसिनमध्ये ठेवला. अर्धा चहा तसाच. "चल," म्हणाले.

काहीच न घेता दोघं घरी आली.

ठण्ण

अम्मानमधल्या अश्रफियाच्या चढावर त्यांच्या गल्लीला पायऱ्या आहेत. नळाचं पाणी आठवड्यातून एकदा, सोमवारी येतं, गच्चीवरच्या लोखंडी टाकीत चढतं आणि पुढच्या सोमवारपर्यंत तेवढंच. टँकर पायऱ्या चढत नाही. इन्शिराह टँकरवाल्याच्याच कचेरीत फोन घेते. दिवसभर साऱ्या अम्मानला "उद्या येईल" म्हणून सांगते आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन स्वतःच्या टाकीवर बोटांची पेरं वाजवते. भरलेली टाकी ढप वाजते. रिकामी ठण्ण.

शनिवारी संध्याकाळी ती ठण्ण वाजली.

हॅलो. हो, ऐकतेय. उद्या येईल.
हॅलो. घरात लग्न आहे? उद्या.
हॅलो. शिव्या मला देऊन काय होणार, खाला? उद्या.

फ्लशच्या टाकीत वाळूची बाटली ठेवायची कल्पना तिचीच. तेवढी जागा अडते, तेवढं पाणी वाचतं, असं खालच्या उम्म अदहमने सांगितलं होतं. पण जुना कमोड अर्ध्या पाण्यात काही सोडेना. अबू खलफ एकदा ओढत, थांबत, पुन्हा ओढत. दुसऱ्यांदा ओढल्याचा आवाज आला की स्वयंपाकघरातून तिची हाक जाई, "एकदाच ओढा, याबा!" ही हाक खाली उम्म अदहमलाही ऐकू जाई. जिन्यात भेटली की उम्म अदहम विचारी, "काय गं, अबू खलफचं पोट बरं आहे ना?"

एकदा ते दारातच उभे राहिले. कमरेचा पट्टा हातात. हळू म्हणाले, "एकदा ओढून जात नाही, याबा. मी काय करू?"

बाप लेकीलाही याबाच म्हणतो. तिने बाटली काढली नाही.

ढप

सोमवारी पाणी आलं. तिने धुणं काढलं, फरशा पुसल्या, हंडे भरले.

त्या आठवड्यात घर शांत होतं. संडासातून क्वचितच आवाज येई, तोही एकदाच. अबू खलफ खिडकीशी बसून असत. तिथेच तुपाच्या रिकाम्या डब्यात त्यांचा पुदिना होता. सकाळी कामाला जाताना ती पाण्याचा जग भरून त्यांच्यापाशी ठेवी. मुतखड्यामुळे डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. संध्याकाळी जग रिकामा असे.

"प्यायलात सगळं?"

"संपलं की."

गुरुवारी टाकी ढप वाजली. शनिवारीही ढप. तिचा विश्वास बसेना. तिने दुसऱ्या बाजूने वाजवून पाहिली. बाटलीने काम केलं म्हणायचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती गच्चीवर नुसती, काहीच न करता उभी राहिली. खाली उतरून तिने बापासाठी भरपूर कांदा घालून मसूर-भाताचा मुजद्दरा केला. त्यांनी ताट बाजूला सारलं. तोंड कोरडं पडलंय म्हणाले.

कोरडं कसं?

तेव्हा तिने खिडकीकडे पाहिलं. उन्हाळा होता. तिच्या स्वयंपाकघरातली तुळस वाळून काडी झाली होती. उम्म अदहमचं जिन्यातलं जास्वंद गेलं होतं. आणि हा पुदिना. गडद, दाट, डब्याच्या काठावरून बाहेर सांडलेला. डब्याखालची बशी पाण्याने भरलेली.

"याबा," ती म्हणाली.

अबू खलफ ओशाळं हसले. हे हसू तिच्या ओळखीचं होतं. जन्मभर त्यांनी ठरल्या मार्गावरची सर्व्हिस टॅक्सी चालवली, तळापासून चढावर आणि चढावरून तळाला. लघवीला गाडी सोडली की रांगेतला नंबर जातो. म्हणून ड्रायव्हर लोक पाणीच पीत नसत. ही विद्या ते घरी अभिमानाने सांगत.

"मला सवय आहे," ते म्हणाले. "तुझी टाकी बघ, पुरली की नाही?"

ती त्यांच्यावर ओरडली. जे मनात होतं ते नाही, भलतंच. बशीवरून ओरडली, खिडकीच्या लाकडाला पाणी लागून ते कुजेल म्हणून ओरडली. तोवर त्यांच्या अंगात कणकण भरली होती, कपाळ तापलं होतं.

(आवाज नाही)

इस्पितळात ते बरेच दिवस राहिले. जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले होते, लघवी अडली होती. नळी घातली. ती आता राहणार, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिला नळीची पिशवी रिकामी करायला शिकवलं आणि पाण्याचं पुन्हा बजावलं. पाणी कमी पडलं तर दुसऱ्या खेपेला आपल्या हातात काही नसेल, असं सांगितलं. बापासमोरच सांगितलं. बाप छताकडे बघत होता.

त्याच दिवसांत शिहादेने कमोड बसवून दिला. बुटका, दोन बटणांचा, खाली ओटा बांधून उंच केलेला. दोघांचंही मन राखणारा. तो इतका सोपा मार्ग होता की इन्शिराहला शिहादेचाच राग आला.

अबू खलफ घरी आले, भिंत धरत दारापर्यंत गेले, आत बघितलं. "छान आहे. निकाल द्यायला बसणार कोण?"

लघवीसाठी त्यावर त्यांना एकदाही बसता आलं नाही.

इन्शिराह पिशवी न्यायची, ओतायची, लहान बटण दाबायची. पिशवी नेता-आणताना ते दुसरीकडे बघत. जग संध्याकाळी रिकामा होई. पिशवीत मात्र गडद, चहासारखं, तळाशी थोडंसं.

पुदिना हिरवागार.

तिने डबा उचलून बाहेर ठेवायचं ठरवलं. मग वाटलं, ते दुसरं काहीतरी शोधतील. खिडकी आहे, बेसिन आहे. भांडून पाहिलं. विनवून पाहिलं. ते "हो याबा, हो याबा" म्हणत राहिले. उम्म अदहमने येऊन दटावलं, त्यांनी तिलाच कॉफी पाजली.

रविवार

उद्या पाणी येणार होतं. कचेरीतून आल्यावर ती गच्चीवर गेलीच नाही. पिशवी घेऊन संडासात गेली, दार उघडं ठेवलं, ओतलं, आणि मोठं बटण दाबलं. कमोडची टाकी भरेपर्यंत थांबली. पुन्हा मोठं. पाणी घोंघावत गेलं. पुन्हा थांबली. पुन्हा.

खोलीतून हाक आली. "याबा, एकदाच ओढ!"

"भरपूर आहे, याबा."

"रविवार आहे आज."

"टाकी भरलेली आहे. मी बघून आलेय." आणि तिने पुन्हा दाबलं. नव्या टाकीत पाणी येताना बारीक शिट्टी वाजे, ती आता चिरकत होती. गच्चीवरून पाण्याऐवजी हवा येत होती. तिने बेसिनचा नळही सोडून दिला. जे काय उरलं होतं ते सगळं जाऊ दिलं. शेवटी नळ खोकला आणि थांबला. तिने तो आवाज मोठमोठ्याने खोकून झाकला.

हंड्यात स्वयंपाकापुरतं होतं. त्यातूनच तिने जग भरला आणि त्यांच्यापाशी ठेवला. ते बराच वेळ तिच्या ओल्या बाह्यांकडे बघत होते.

बुधवारी ती खिडकी पुसायला गेली. डब्याखालची बशी कोरडी होती. पुदिन्याच्या वरच्या पानांनी माना टाकल्या होत्या आणि मातीला काठाने भेग पडली होती. तिने बोट मातीत खुपसून पाहिलं, फडक्याला पुसलं, आणि पुदिन्याला पाणी न घालता कामाला गेली.