आब्बांच्या छातीतलं भांडण

डॉक्टरनी आब्बांच्या फुप्फुसात नळी घातली, मिठाचं पाणी सोडलं, परत ओढलं आन् तपासायला पाठवलं. रिपोर्टला मीच संगं गेले. शाळा सोडल्यापासनं दवाखाना माझ्याच गळ्यात की.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्यात राखणदार पेशींची नुसती गर्दी हाय. आब्बांनी पाळलेल्या कबुतरांच्या पिसांची, शिटेची भुकटी आत गेली की त्या तिलाच दुश्मन समजत्यात आन् भांडत बसत्यात. त्या भांडणानं फुप्फुसात वण पडल्यात. पडलेले वण जायचे न्हाईत. पेशी शांत करायला गोळ्या देते, पण कबुतरं घरात ऱ्हायली तर वण वाढत जातील, श्वास पुरायचा न्हाय.

बाहेर आल्यावर आब्बा म्हणत्यात, "म्हंजे माझी फौज तगडी हाय की."

घरी येऊन मी लई बोलले. अम्मी रडली. शेवटी आब्बा कबूल झाले, कबुतरं वळसंगच्या गुरप्पाकाकाला देतो म्हणाले. काका आधी त्यांच्याच स्टँडवर रिक्षा चालवायचा, आता शेती करतो. मी तोंडाला ओढणी बांधून पिंजरे नेले, कबुतरं काकाच्या खोपटात सोडली आन् रिकामे पिंजरे परत आणले. दाणा कुठला, पाणी कवा, आब्बांनी काकाला सगळं समजावलं. एकच सांगितलं न्हाय. नवीन जागी कबुतरं महिना-दोन महिने कोंडायची, न्हायतर जुन्या घरी परत जात्यात. आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगंबी सांगतंय हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकानं खोपटाचं दार उघडलं. दुपारच्या आत सगळी आमच्या गच्चीवर. काका फोनवर माफी मागत होता. आब्बा म्हणाले, जाऊ दे, तुझी काय चूक न्हाय. खरंच नव्हती.

मी ओढणी वली करून नाकाला बांधली, हातोडा घेतला आन् गच्चीवरची ढाबळ, कबुतरांचं लाकडी खुराडं, फोडायला घेतली. कबुतरं भडाभडा उडाली, वर घिरट्या घालाय लागली. आवाज ऐकून आब्बा जिना चढले. निम्म्यातच बसले. कबुतरं खाली बोलवायला तोंडात बोटं घालून शीळ मारली, तर नुसती हवा आली. परत मारली. मग खोकला.

"सबा, तू वाजव की. तुला येती."

"वाजवते. आधी काकाला फोन लावा. कोंडायची ते सांगा. मग बोलवते, थेट पिंजऱ्यात."

मीच नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

"गुरप्पा," आब्बा म्हणाले, "एक गोष्ट सांगायची राहिली बघ."

राहिली म्हणे.