शंकाबाईची खूण

घरच्या छापखान्यात औषधांची माहितीपत्रकं ब्रेलमध्ये छापली जात, बोटांनी वाचायच्या उठावदार ठिपक्यांत. कारभार घरातल्या थोरल्या भावाचा, त्यांना सगळे दादा म्हणत. त्यांची धाकटी भावजय कंप्युटर सांभाळायची. तिला दादांनी नाव ठेवलं होतं, शंकाबाई.

नाव उगाच नव्हतं पडलं. औषध कंपनीचा सर्व्हर फाइल पाठवताना हेडरमध्ये, म्हणजे फाइलीच्या आधी येणाऱ्या चिठ्ठीत, तिचा चेकसम द्यायचा. चेकसम म्हणजे साऱ्या मजकुरातून गणितानं काढलेली खूण. एक अक्षर हललं की खूण बदलली. शंकाबाईनं प्रोग्रॅम लिहिला, की उतरलेल्या फाइलीची खूण आपण काढायची आणि चिठ्ठीतल्या खुणेशी जुळली तरच मशीन सुरू. झकास! पण सर्व्हर फाइल आवळून, म्हणजे कॉम्प्रेस करून पाठवी, खूण आवळलेल्या फाइलीची देई, आणि ही बाई फाइल मोकळी करून मग खूण काढी. जुळणार कशी, कपाळ? आठवडाभर धडधाकट फाइली अडवून बसली. चूक शोधली तिनंच, सर्व्हरकडून फाइल न आवळता मागवून सुधारलीही, पण अब्रू गेली ती गेली.

"पुन्हा एकदा फुकट अडवलंस, तर ही भानगड कायमची बंद," दादांनी बजावलं होतं.

आणि आज मशीन पुन्हा अडलं.

"बघ, फाइल उघडतेय, साईझ तंतोतंत जुळतेय," दादा कडाडले. "बाहेर गाडी खोळंबलीय. काढून टाक ती तपासणी!"

तिनं फाइल उतरल्याची नोंद उघडून पाहिली. ती हटली नाही. "मध्येच नेट गेलं होतं, दादा. अर्धी फाइल आधी आली, अर्धी नंतर. मी सगळी नव्यानं उतरवते. हुबेहूब तशीच निघाली, तर मी स्वतः काढून टाकते."

नवी फाइल उतरली. खूण जुळली! नमुन्यापुरती तपासणी बाजूला ठेवून तिनं दोन्ही फाइलींचं पहिलं पान छापलं आणि दादांच्या अंध आत्याच्या हाताखाली ठेवलं. छापलेलं पान तपासायचं काम आत्याचंच.

"चूक कुठंच नाही," आत्या म्हणाली. दादांनी विजयानं मान डोलावली. आत्याची बोटं मात्र थबकली. "थांब रे. या पानात दिवसाला चार गोळ्या, त्या पानात दोन."

दादांनी कंपनीला फोन लावला. गोळ्या दोनच, डोस कमी करून फाइल आजच बदललेली. नेट गेलं तेव्हा अर्धी जुनी उतरली होती, तिला नवीचं अर्धं येऊन चिकटलं.

"मेल्या, औषधाचं नाव वाचलंस का?" आत्या कडाडली. "मी घेते ती गोळी ही! चार चार गिळवल्या असत्यास मला!"

दादांचा चेहरा खर्रकन उतरला. शंकाबाईला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. जिंकली होती ती, अगदी दणदणीत जिंकली होती!

दादा मशीनपाशी गेले. बटणावर बोट ठेवून थांबले.

"खूण जुळलीय ना गं? नक्की?"

"जुळलीय, दादा. करा सुरू!"