मला मिळालेला अर्धचंद्र

मी टेबल बोलतोय. लाकूड साधंच, पण हाडापेरानं दणकट. सुतारकाकांनी मला घडवलं ते इस्त्रीच्या दुकानासाठी. अंगावर जुनं ब्लँकेट, त्यावर ताणून बसवलेली पांढरी चादर, असा माझा थाट. दुकानाच्या मालकीणबाई दिवसभर उभ्यानं इस्त्री करायच्या. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची.

कपडे सपाट होताना मला माणसंही कळत गेली. शर्टाची कॉलर कडक हवी, आतून शिवण उसवली असली तरी चालतं. बहुतेकांचं असंच.

मावशींची नात चार वर्षांची. तोंडाला विश्रांती नाही म्हणून तिचं नाव पडलं टकळी. तिच्या पायांत ताकद नव्हती आणि आधाराशिवाय बसताही यायचं नाही. आई कारखान्यात गेली की टकळी माझ्याखाली कपड्यांच्या गाठोड्याला टेकून बसायची आणि तिथूनच गिऱ्हाइकांची खबर घ्यायची. "काका, तुमचं एक बटण पळालं!"

पुढे मावशींनी घडीचं लोखंडी टेबल आणलं आणि माझी रवानगी मागच्या अंगणात झाली. डोक्यावर कुंड्या, पायाशी शेवाळ. खरं सांगतो, त्या दिवसांत मी मनातून पार खचलो होतो.

मग गल्लीच्या टोकाला बालवाडी सुरू झाली. फी नाही, गणवेश नाही. लहान मूल असलं की पुरे. बालवाडीच्या ताई घरोघर फिरत होत्या. मावशी कुंड्यांना पाणी घालत असताना त्या अंगणात आल्या.

"मावशी, नातीला पाठवा की."

"तिला? अहो, ती चालत नाही. धड बसतही नाही."

"बोलते ना?"

"बोलते? कान किटतात ऐकून!"

"मग तिचं ऐकायला चार पोरं नकोत का?"

मावशी हसल्या नाहीत. "पोरं हसतील हो तिला."

दारातून टकळीचा आवाज आला, "आजी, मी पण हसेन ना त्यांना!"

दुसऱ्या दिवशी मावशी तिला कडेवर घेऊन गेल्या आणि थोड्याच वेळात तिला घेऊन परत आल्या. सतरंजीवर पोर सारखी कलंडत होती. ताईंनी उशा लावल्या, तरी कलंडायची. इतर मुलं टाळ्या वाजवत गात होती आणि हिचे दोन्ही हात जमिनीला टेकलेले. "झाली आमची शाळा," मावशी कुणाकडेही न बघता म्हणाल्या. टकळी त्या दिवशी अवाक्षर बोलली नाही. माझ्या डोक्यावरच्या कुंड्यांपेक्षा ते मला जड गेलं.

संध्याकाळी ताई सुतारकाकांना घेऊनच आल्या. "चूक तिची नाही, आमच्या सतरंजीची आहे," त्या म्हणाल्या. तेवढ्यात काकांची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी कुंड्या उतरवल्या आणि पाठीवर थाप मारली. "हा तर माझ्या हातचा! अजून ठणठणीत आहे गडी."

टकळीला पाठ टेकायच्या बुटक्या खुर्चीत बसवून तिच्या कोपरांची उंची मोजली. आधी माझे पाय आखूड झाले. मग काकांनी माझ्या कडेला अर्धगोल आखला आणि करवत लावली. मला मूठ नाही, तरी जीव मुठीत धरला. अर्धचंद्र देणं म्हणजे मानगूट धरून बाहेर काढणं, हे तुम्ही जाणताच. मला मात्र अर्धचंद्र मिळाला तो एका मुलीला आत घेण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बालवाडीत नेलं. त्या खाचेत टकळी अशी बसली, की पाठीला खुर्ची, दोन्ही बाजूंना मी. तिनं एक हात उचलला. मग दुसरा. दोन्ही हातांकडे जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, माती द्या. दोन्ही हातांना पुरेल एवढी द्या."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग दुकान उघडायला पळाल्या.

एका मुलाचे वडील तक्रार घेऊन आले. "सगळा वेळ हिच्यातच गेला, तर आमच्या पोराकडे कोण बघणार?"

"बसा ना, बघा स्वतःच," ताई म्हणाल्या.

ते बसले. त्यांचा मुलगा कुठेच स्वस्थ न बसणारा. तो माझ्या कडेला रेलून टकळीची गोष्ट ऐकत होता आणि तिच्या मातीच्या हत्तीला सोंड लावत होता. वडील निघताना एवढंच म्हणाले, "घरी हा जेवायलासुद्धा बसत नाही हो."

खरी भांडणं पुढेच झाली. ती खाच सगळ्यांनाच हवी! रडारड, ढकलाढकली. शेवटी काका पुन्हा करवत घेऊन आले आणि माझ्या उरलेल्या कडांनाही खाचा पडल्या. मावशी गिऱ्हाइकांना ऐटीत सांगू लागल्या, "आमच्या टकळीच्या जागेसाठी पोरं भांडतात!"

टकळी आता मोठ्या शाळेत जाते. तिथल्या बाईंचेही कान किटले आहेत म्हणे. आणि आज नदीपलीकडच्या वस्तीतली माणसं आली आहेत, त्यांनाही अशीच बालवाडी काढायची आहे. माझ्यावर कागद पसरून ती माझा आकार उतरवून घेत आहेत. पेन्सिल कडेनं फिरते तशा मला गुदगुल्या होतात.

घ्या, खुशाल घ्या माप. पण हे माप टकळीचं आहे. तुमच्याकडे येणारं मूल वेगळं असेल. कुणाला दिसत नसेल, कुणाला ऐकू येत नसेल, कुणी नुसतंच घाबरट असेल. आधी त्याच्याजवळ जाऊन बसा, मग लाकडाला हात घाला. आणि दारात फी मागू नका. ती मागितलीत, तर मी कितीही बेतशीर कापलेला असलो, तरी माझ्यापर्यंत पोचणार कोण?