देवदूताशेजारचा फोटो

रविवारी विल्फला गेट्सहेडच्या टेकडीवरचा देवदूताचा प्रचंड पोलादी पुतळा पाहायला जायचं होतं. त्याचे पंख विल्फ आणि त्याच्या सोबत्यांनी हार्टलपूलच्या कारखान्यात वेल्डिंग करून जोडले होते. पण त्याची बायको डोरीन दरवेळी गाडीतच बसून, काचा वर करून, थर्मासमधला चहा पीत तो पाहायची. यंदा तिनं आपल्याबरोबर पायथ्याशी उभं राहून एक फोटो काढावा, एवढीच विल्फची इच्छा होती.

"त्या गंजक्या लोखंडापाशी?" अंड्याची सँडविचं बांधत डोरीन म्हणाली. "वाऱ्यानं केसांचं घरटं होतं तिथं. तू जा. मी गाडीतून हात हलवते."

विल्फ थर्मास पुसू लागला.

तेवढ्यात त्यांच्या मांजराला खायला घालायचं म्हणून शेजारची म्युरिएल किल्ली न्यायला आली.

"परत त्या गंजक्या बाहुल्याकडे वाटतं?"

डोरीनचा हात थांबला.

"गंज नाही तो, म्युरिएल. त्या पोलादावर मुद्दाम तसा थर येऊ देतात. तोच आतल्या पोलादाला सांभाळतो. आणि बाहुला काय म्हणतेस? आमच्या विल्फनं जोडलेले पंख आहेत ते, वादळातही हलत नाहीत. तुझ्या नवऱ्यानं जोडलेलं फाटक आमच्या अंगणात पडलंय, ते आधी उचल."

एरवी विल्फ हेच सांगू लागला की डोरीन रेडिओ मोठा करायची.

म्युरिएल किल्ली घेऊन गेली. विल्फ कोरडा थर्मास पुसतच राहिला.

"बघतोस काय?" डोरीन म्हणाली. "माझा निळा कोट काढ. तांबूस पोलादापुढे निळा उठून दिसेल."